दोलकाच्या तासिकांसाठी अध्ययन उद्दिष्टं: कामाच्या नोंदी

काम असं आहे: साध्या दोलकावरच्या (दोऱ्याला टांगून झुलवलेला गोळा) 6 तासिका, प्रत्येकी 40 मिनिटांच्या, 11-12 वर्षांच्या मुलांसाठी. कृतिपत्रिका तयार, साहित्य तयार. उद्दिष्टांचा रकाना मात्र पाट्या टाकल्यासारखा भरलेला. तो नव्याने लिहायचा. अट एकच: तासिकेनंतर वह्या बघून कुठलं उद्दिष्ट गाठलं आणि कुठलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. आम्ही तिघं आहोत: मी, गणिताच्या मॅडम आणि प्रयोगशाळा सांभाळणारे सर. विषय कुठलाही असो, हेच काम ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. दोलकाचं शास्त्र कामापुरतंच येईल.

4 जून

जुन्या टाचणात, म्हणजे तासिकेच्या लेखी आखणीत, ही पाच वाक्यं होती:

"विद्यार्थ्यांना दोलकाची माहिती होईल."
"शिक्षक दोलनकाल ही संकल्पना समजावून सांगतील."
"विद्यार्थी साधा दोलक तयार करतील."
"निरीक्षणशक्ती वाढीस लागेल."
"वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित होईल."

वाचताना काहीच खटकत नाही, म्हणून अशी वाक्यं वर्षानुवर्षं टिकतात. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: मुलाच्या वहीत किंवा बोलण्यात नेमकं काय दिसलं म्हणजे हे झालं म्हणायचं?

दुसरं वाक्य लगेच गळालं. (दोलनकाल म्हणजे गोळ्याला एकदा जाऊन परत यायला, म्हणजे एका दोलनाला, लागणारा वेळ.) ते शिक्षकाचं काम आहे. शिक्षकाने समजावलं आणि वर्गातल्या एकालाही कळलं नाही, तरी ते पूर्णच होतं. तिसरं वाक्य म्हणजे कृती. दोरा बांधला, गोळा लटकवला, संपलं. त्यातून काय शिकायचं ते वाक्यात कुठेच नाही. शेवटची दोन ध्येयं आहेत, तीही कित्येक वर्षांची. उरलं पहिलं. त्यातल्या 'माहिती'चा अर्थ तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितला: सरांच्या मते दोलकाचे भाग आणि व्याख्या, मॅडमच्या मते लांबी आणि वेळ यांचा संबंध, माझ्या मते प्रयोग कसा आखायचा ते. एकाच टाचणावरून तीन वेगळे वर्ग झाले असते.

थोडक्यात, उद्दिष्टांच्या रकान्यात उद्दिष्ट एकही नव्हतं.

7 जून

सुरुवात क्रियापदांच्या तक्त्यापासून केली. बहुतेक प्रशिक्षणांत हाच रस्ता दाखवतात. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांची शैक्षणिक उद्दिष्टांची 1956 ची वर्गवारी, तिची अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी 2001 मध्ये केलेली सुधारणा, आणि त्यातल्या सहा पायऱ्या: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. प्रत्येक पायरीखाली क्रियापदांची रांग. 'समजेल' दिसलं की काढायचं आणि 'स्पष्ट करतील' ठेवायचं. 'माहिती होईल' काढायचं, 'वर्णन करतील' ठेवायचं. वरच्या पायऱ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून 'समीक्षा करतील' आणि 'रचना करतील'ही आले. 24 उद्दिष्टं झाली. कागद देखणा दिसत होता.

सरांनी त्यातलं एक उचललं: "दोलनकालावर परिणाम करणारा घटक कोणता ते स्पष्ट करतील." मग विचारलं, "हे मी तासाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून दिलं आणि मुलाने शेवटी तेच लिहिलं, तर?" तर काय, ते स्मरण. क्रियापद आकलनाच्या पायरीवरचं आणि काम पाठांतराचं. मुलाने स्वतः मोजून तेच वाक्य लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. म्हणजे पायरी क्रियापदावर ठरत नाही. मुलाला आधी काय सांगितलं गेलंय त्यावर ठरते. हे तक्त्यात दिसायची सोयच नाही.

दुसरा त्रास पिरॅमिडच्या चित्राचा. या सहा पायऱ्या सहसा तशाच एकावर एक रचून दाखवतात. ते समोर असलं की हात आपोआप वरच्या टोकाकडे जातो. 11 वर्षांच्या मुलाने 10 दोलनं न चुकता मोजायची, हे 'खालचं' काम वाटायला लागतं. पुढे कळलं की अर्धा वर्ग नेमका तिथेच अडकतो.

24 पैकी शेवटपर्यंत जवळपास काहीच टिकलं नाही. आठवड्यातला बराचसा वेळ यात गेला. तक्ता फेकून द्या असं म्हणत नाही. शेवटी चाळणी म्हणून तो बरा आहे. सुरुवात मात्र तिथून करू नका.

10 जून

आज उलट्या बाजूने सुरुवात केली. उद्दिष्टाचा कागद बाजूला ठेवला आणि आधी शेवटच्या तासिकेतला प्रश्न लिहिला:

तीन दोलक आहेत. 'क': दोरा 30 सेंमी, गोळा 50 ग्रॅम. 'ख': 60 सेंमी, 50 ग्रॅम. 'ग': 60 सेंमी, 100 ग्रॅम. लांबीमुळे वेळ बदलतो का ते बघायचंय. कोणते दोन घ्याल? तेच का?

मग मुलं काय काय लिहितील ते आम्हीच लिहून काढलं. हा भाग वगळू नका, सगळी मेख इथेच आहे.

"क आणि ख, कारण दोघांचं वजन सारखं आहे, फक्त लांबी वेगळी. वेळ बदलला तर तो लांबीमुळेच." पूर्ण.

"क आणि ख, कारण एक लहान आहे, एक मोठा." निवड बरोबर, कारण अपुरं. हे मूल 'क' आणि 'ग'ही घेऊ शकलं असतं, कारण तिथेही एक लहान, एक मोठा आहे.

"क आणि ग, कारण त्यांच्यात जास्त फरक आहे." या वयातलं अगदी नेहमीचं उत्तर. फरक जितका जास्त तितकी परीक्षा कडक, असं मुलांना वाटतं.

"तिन्ही घेऊ." याचं काय करायचं यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की तिन्ही घेऊन कुठल्या जोडीवरून काय कळतं ते सांगितलं तर पूर्ण, नाहीतर नाही.

ही उत्तरं समोर आल्यावर उद्दिष्ट लिहायला वेळच लागला नाही: "एका घटकाचा परिणाम तपासण्यासाठी, फक्त तोच घटक वेगळा असलेली जोडी निवडतील आणि बाकीचे घटक समान का ठेवायचे ते सांगतील." कुठल्याही तक्त्यात न बघता.

12 जून

क्रियेबरोबर अट आणि निकष जोडायचं काम. उद्दिष्टात क्रिया, अट आणि निकष असे तीन भाग हवेत ही मांडणी रॉबर्ट मेगर यांची, 1962 मधली. आजही कामाला येते. आमची अट सोपी होती: दोरा, गोळा, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच हातात असताना. घोडं अडलं निकषावर.

पहिल्या खर्ड्यात सवयीने "80 टक्के अचूकतेने" लिहिलं गेलं होतं. दोलकात 80 टक्के म्हणजे काय? दहातली आठ दोलनं मोजायची? की 20 सेकंदांच्या जागी 16 सेकंद आले तरी चालेल? शुद्धलेखनाच्या दहा शब्दांत 80 टक्क्यांना अर्थ असतो, इथे शून्य. 'स्मार्ट' उद्दिष्टांचा साचाही (चांगल्या उद्दिष्टाच्या पाच कसोट्यांची इंग्रजी आद्याक्षरं) लावून बघितला. तो मूळचा व्यवस्थापनातला, जॉर्ज डोरान यांचा, 1981 चा. त्यातलं एक अक्षर तर 'हे काम कोणाकडे सोपवायचं' यासाठी होतं. आमच्या वाक्यांना त्याने एवढंच दिलं की प्रत्येकाच्या शेवटी "40 मिनिटांत" चिकटलं. ते आम्हाला आधीच माहीत होतं.

मग निकष दोलकातूनच काढला. 1 मीटर लांबीच्या दोलकाला एका दोलनाला साधारण 2 सेकंद लागतात. स्टॉपवॉचवर बोट दाबायला मागेपुढे 0.2 सेकंद सहज जातात. एकच दोलन मोजलं तर 2 सेकंदांत 0.2 ची चूक, म्हणजे दहावा भाग. 10 दोलनं मोजली तर तीच चूक 20 सेकंदांत पसरते, शंभरावा भाग. त्यामुळे "दोलनकाल अचूक मोजतील" हे वाक्यच गेलं. त्याजागी "10 दोलनांचा वेळ मोजून दोलनकाल काढतील आणि एकाऐवजी 10 का मोजली ते सांगतील" हे आलं. वेळ 19.5 ते 20.5 सेकंदांत यावा, हा निकष. तो का बदलावा लागला ते पुढच्या नोंदीत.

15 जून

पाच-सहा मुलांच्या गटावर मापनाचं उद्दिष्ट करून बघितलं. 1 मीटरच्या दोलकावर आकडे आले 20.2, 18.1, 20.4, 10.1, असे.

18.1 आणि 10.1 चा उलगडा मुलांजवळ उभं राहिल्यावर झाला. गोळा सोडतानाच एक मुलगी "एक" म्हणाली. मग "दहा" म्हणेपर्यंत प्रत्यक्षात नऊच दोलनं होतात, आणि 9 दोलनांचे 18 सेकंद. 10.1 वाला मुलगा गोळा पलीकडच्या टोकाला गेला की एक आणि अलीकडे आला की दोन मोजत होता. म्हणजे पाचच दोलनं, 10 सेकंद. दोघांचं स्टॉपवॉच चोख, मोजणीची रीत चुकलेली. 'बरोबर की चूक' एवढाच निकष ठेवला असता तर दोघांनाही एकच शेरा मिळाला असता. आता निकषाच्या कागदावर चार ओळी आहेत: 20 च्या आसपास असेल तर झालं, 18 च्या आसपास असेल तर शून्यापासून मोजायला सांगा, 10 च्या आसपास असेल तर जाऊन-येऊन एक दोलन हे हाताने दाखवा, दुसरंच काही असेल तर जवळ जाऊन बघा.

20.4 मात्र फसवं निघालं. तो आकडा निकषात बसत होता, पण मुलाने लांबी गाठीपर्यंतच मोजली होती. दोलकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. गोळ्याची त्रिज्या 3 सेंमी, म्हणजे खरी लांबी 103. एवढ्याने 10 दोलनांत जेमतेम 0.3 सेकंदांचा फरक पडतो, आणि तो आमच्या खिडकीतून, म्हणजे 19.5 ते 20.5 या मर्यादेतून, निसटतो. मॅडमनी तोडगा काढला: तपासणी 25 सेंमीवर करायची. तिथे 10 दोलनांना 10.0 सेकंद लागतात. गाठीपर्यंत मोजलं तर खरी लांबी 28 होते आणि वेळ 10.6 वर जातो. खिडकी 9.7 ते 10.3 ठेवली. सोडताना "एक" म्हणणाऱ्याचे 9 येतात, अर्धं दोलन मोजणाऱ्याचे 5. तिन्ही चुका एकाच मापनात वेगवेगळ्या पडतात. 1 मीटर सरावाला, 25 सेंमी तपासणीला.

तपासणीची लांबी बदलल्याने निकष सुधारतो, हे कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडलं नसतं. त्यासाठी विषयात हात घालावा लागतो. उद्दिष्टं लिहायचं काम विषय न शिकवणाऱ्याकडे सोपवू नये असं मला वाटतं, ते यासाठीच.

18 जून

आज जुळवणीची परीक्षा घेतली. त्याच गटाच्या वह्या मी आणि मॅडमनी वेगवेगळ्या तपासल्या, एकमेकांशी न बोलता. प्रत्येक उद्दिष्टापुढे तीनपैकी एक खूण: झालं, नाही झालं, सांगता येत नाही. मग कागद शेजारी ठेवले.

मापन आणि जोडी निवडणं, या दोन्हींत जवळपास एकमत होतं. "मिळालेल्या नोंदींवरून निष्कर्ष काढतील" या उद्दिष्टावर मात्र पार विस्कट. वाद घालत बसण्यापेक्षा वह्यांतली दोन उत्तरं फळ्यावर लिहिली. प्रयोग होता वजनाचा, लांबी 50 सेंमी. दोन्ही वह्यांत आकडे तेच: हलका गोळा 14.1, मधला 14.3, जड 14.2.

एकीने लिहिलं होतं: "50 ग्रॅमला 14.1 आणि 100 ग्रॅमला 14.3, म्हणून वजन वाढलं की वेळ वाढतो."

दुसऱ्याने लिहिलं होतं: "वजन वाढवलं तरी वेळ तेवढाच आला. आमचं काहीतरी चुकलं असणार."

मॅडमनी पहिल्याला 'झालं' दिलं होतं, कारण नोंदींतून निष्कर्ष काढलाय, तोही आकडे देऊन. दुसऱ्याला 'नाही', कारण त्याने काहीच ठरवलं नाही. माझ्या खुणा बरोबर उलट. आणि उद्दिष्टाच्या शब्दांवरून दोघांपैकी कुणालाच चूक ठरवता येत नव्हतं. पहिली मुलगी 0.2 च्या फरकाला फरक मानते, जो बोटाच्या घाईतच जातो. दुसऱ्याने आकडे नीट वाचले, पण वजनाने फरक पडायलाच हवा ही त्याची खात्री इतकी पक्की की दोष स्वतःकडे घेतला.

'निष्कर्ष काढतील' या दोन शब्दांत दोन वेगळी कौशल्यं दडलेली होती. ती वेगळी केली:

"एकच मापन तीन वेळा करून आकडे किती मागेपुढे होतात ते पाहतील, आणि दोन दोलकांतला फरक त्यापेक्षा मोठा आहे का ते सांगतील."

"नोंदी आपल्या अंदाजाशी जुळत नसतील तर तसं स्पष्ट लिहितील, आणि पुन्हा तपासायला काय करायचं ते सुचवतील."

त्याच वह्या नव्या शब्दांनी पुन्हा तपासल्या. पहिल्यावर लगेच जुळलं, दुसऱ्यावर बऱ्यापैकी. आता कुठलंही उद्दिष्ट पक्कं करायच्या आधी ही परीक्षा होते. दोन माणसं, त्याच वह्या, बोलायचं नाही. खर्च एका दुपारचा, आणि वाक्यात कुठे पाणी मुरतंय ते लगेच कळतं.

19 जून

कुठेतरी वाचलेला नियम: उद्दिष्टात 'आणि' आला की वाक्य तोडा. आंधळेपणाने लावला आणि यादी पुन्हा फुगली. 'निवडतील आणि का ते सांगतील' हे तोडलं तर निवड नुसता अंदाज होऊन बसते. तीनपैकी एक जोडी कुणीही उचलेल. तिथे 'आणि' राहू दिला. 'निरीक्षण करतील, नोंद करतील आणि आलेख काढतील' मात्र तोडलं, कारण यातलं एक जमून दुसरं न जमणारी मुलं समोर होती.

22 जून

कापाकापी. 6 तासिकांत किती उद्दिष्टं मावतात याचा हिशोब आधी कुणी केलाच नव्हता.

40 मिनिटांतली सुरुवातीची आणि शेवटची मिळून 12 मिनिटं साहित्य वाटण्यात, आवरण्यात आणि गाठी सोडवण्यात जातात. उरली 28. 100, 75, 50 आणि 25 सेंमी अशा चार लांब्या, प्रत्येकी 10 दोलनं: साधारण 20, 17, 14 आणि 10 सेकंद, मिळून एक मिनिट. तीन वेळा म्हणजे तीन मिनिटं. कागदावर तीन. प्रत्यक्षात दोरा बदलणं, लांबी जुळवणं, कुणीतरी मोजणी विसरणं आणि "परत, परत!" धरून वीस मिनिटं सहज. मग बोलायला आठ. त्या आठ मिनिटांत एकच गोष्ट नीट होते.

दोलनकालाची व्याख्या गेली. ती मापन करताना येतेच. वारंवारिता (एका सेकंदात किती दोलनं) गेली. लांबी आणि वेळेचं सूत्र जाणार यावर सर बराच वेळ अडून होते. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो, 25 ला 10 आणि 100 ला 20, हे इतकं सुंदर समोर येतं की सोडवत नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, येऊ दे ना समोर. ज्याला दिसेल त्याला दिसू दे. उद्दिष्ट केलं की ते सगळ्यांकडून वदवून घ्यावं लागेल." ते टिपणात गेलं, उद्दिष्टांत नाही.

25 जून

'वैज्ञानिक दृष्टिकोन' काढून टाकता येईना. कार्यक्रमाच्या आराखड्यात तो वरच्या ओळीत आहे आणि तिथे असायलाही हवा. प्रश्न एवढाच की तासिकेच्या पातळीवर त्याचं काय करायचं. भावनिक क्षेत्राची (आवड, वृत्ती, मूल्यं यांची) वर्गवारी क्रॅथवोल, ब्लूम आणि मासिया यांनी 1964 मध्ये केली, तिचा आधार घेऊन बघितला. पण वाक्यं पुन्हा 'आवड निर्माण होईल' या वळणावर जायला लागली.

शेवटी वह्यांनीच वाट दाखवली. काही वह्यांत आकडे रबराने खोडून शेजारच्या गटाचे लिहिलेले. कागदावर वळ दिसत होते. त्यावरून: "अंदाजाशी न जुळणारं मापन न खोडता नोंदीत ठेवतील." हे दिसतं, आणि दोन माणसांना सारखंच दिसतं.

पण याला गुण ठेवले तर काय होईल ते सरांनी आधीच सांगितलं: रबर बंद होईल आणि खोटा आकडा पहिल्यापासूनच लिहिला जाईल. म्हणून याला गुण नाहीत, मुलांना आधी सांगायचंही नाही. नुसतं बघायचं आणि वर्गाचं चित्र म्हणून टिपायचं.

याच ओघात एक तासिका मोकळी ठेवायचं ठरलं. एलियट आइझनर यांनी 1960 च्या दशकातच म्हटलं होतं की प्रत्येक शिकण्याचा शेवट आधी लिहून ठेवता येत नाही. काही उद्दिष्टं अनुभव कोणता द्यायचा एवढंच सांगतात, त्यातून काय निघेल ते नाही. आमच्याकडे वाळूचा दोलक होता: तळाला भोक पाडलेल्या पेल्यातून वाळू सांडते आणि खाली नक्षी उमटते. त्याला ओढूनताणून उद्दिष्ट चिकटवलेलं होतं: "विद्यार्थी वक्रांचे प्रकार ओळखतील." ते काढलं. रकाना रिकामा चालत नाही, म्हणून लिहिलं: "आपल्याला पडलेला प्रश्न निवडून दोलकावर करून पाहतील." कोणता प्रश्न, ते लिहिलेलं नाही.

29 जून

उद्दिष्टं मुलांच्या भाषेत फळ्यावर लिहायची पद्धत आहे. तशी लिहिली: "वजनाचा दोलनकालावर परिणाम होत नाही हे आज आपण शोधू."

शोधायला उरलंच काय? पहिल्या बाकावरून लगेच आवाज आला, "मग करायचं कशाला?" रास्त प्रश्न. त्या तासाला सगळ्या गटांचे आकडे संशय यावा इतके सारखे आले.

आता फळ्यावर प्रश्न लिहितो: "वजन बदललं तर वेळ बदलतो का? खात्री कशी करायची?" उद्दिष्ट टाचणात राहतं आणि तासाच्या शेवटी मुलांसमोर येतं. कौशल्याची उद्दिष्टं (10 दोलनं मोजणं) मात्र सुरुवातीलाच सांगतो, त्यात फुटण्यासारखं काही नसतं.

3 जुलै

उद्दिष्टं, कृती आणि पुरावा असा तीन रकान्यांचा तक्ता केला. हे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं असं सर म्हणाले. पण तेव्हा पहिला रकानाच भरता येत नव्हता.

एक भोक लगेच दिसलं. आलेखासाठी कृती होती आणि उद्दिष्टही होतं, पण पुरावा फक्त 'आलेख काढला'. ठिपके जोडून रेघ मारलेला कागद तर सगळ्यांकडेच असतो. त्याचा उपयोग करता येतो का, हे कुठेच विचारलं नव्हतं. नवीन प्रश्न: "40 सेंमीवर 10 दोलनांना किती वेळ लागेल ते आलेखावरून सांगा, मग मोजून बघा." खरं उत्तर 12.7 च्या जवळ. 25 आणि 50 चे ठिपके सरळ रेघेने जोडले तर 12.5 येतं, गोलाईने जोडले तर थोडं जास्त, दोन्ही चालतात. 14 च्या वर सांगणारं मूल आलेख बघत नाही, अंदाज करतं. अक्ष आखून देतो, कारण तपासायचं आहे ते वाचन.

6 जुलै

एक मुलगा जोडी बरोबर निवडतो, कारण विचारलं की तोंडी खणखणीत सांगतो, वहीत मात्र "वजन सेम" एवढंच. लेखनाच्या निकषावर तो नापास होत होता. आमच्या निकषाच्या कागदावर 'लिहितील' हे क्रियापद सहज येऊन बसलं होतं. लेखन तपासायचा हेतू कुणाचाच नव्हता. 'सांगतील किंवा लिहितील' केलं. तोंडी उत्तर घ्यायला वेळ जास्त जातो, त्यामुळे सगळ्यांचं तोंडी नाही; वहीत अपुरं दिसलं तरच जवळ जाऊन विचारायचं.

स्टॉपवॉचचं बटण जमत नसेल तर जोडीदार दाबेल, मोजणी मुलानेच करायची, हेही अटीत घातलं.

9 जुलै

सध्याची यादी. साहित्य हाताशी असताना विद्यार्थी:

1. 25 सेंमीच्या दोलकाच्या 10 दोलनांचा वेळ मोजून (9.7 ते 10.3 सेकंद) दोलनकाल काढतील आणि एकाऐवजी 10 का ते सांगतील.
2. एका घटकाचा परिणाम तपासायला योग्य जोडी निवडतील आणि बाकीचे घटक समान का ते सांगतील.
3. तीनदा मोजलेल्या आकड्यांचा पसारा पाहून दोन दोलकांतला फरक खरा मानायचा की नाही ते सांगतील.
4. अंदाजाशी न जुळणाऱ्या नोंदी स्पष्ट सांगून पुन्हा तपासण्याचा मार्ग सुचवतील.
5. आलेखावरून न मोजलेल्या लांबीचा वेळ सांगतील आणि मोजून पडताळतील.

आणि सहावी तासिका वाळूच्या दोलकाची. खोडाखोडीचं निरीक्षण यादीत नाही, शिक्षकाच्या टिपणात आहे.

चौथं अजून कच्चं आहे. 'मार्ग सुचवतील'मध्ये "परत करून बघू" एवढं म्हणणाराही बसतो. काय वेगळं करून बघू, हे आलं पाहिजे. शब्द सापडलेले नाहीत.

11 जुलै

दुसऱ्या उद्दिष्टावर मॅडमची शंका: मुलं जोडी निवडायला शिकली, की दोलकाची जोडी निवडायला शिकली? सहा तासिका तेच दोरे आणि तेच गोळे. प्रश्नही दोलकाचाच.

म्हणून पुढच्या गटासाठी दोलक नसलेला प्रश्न तयार केला: उतारावरून सोडलेल्या तीन गाड्या, उताराची उंची आणि गाडीवरचं ओझं वेगवेगळं, उंचीमुळे फरक पडतो का ते कोणत्या दोन गाड्यांवरून कळेल? रचना तीच, वस्तू नव्या. संभाव्य उत्तरं सर लिहून देणार आहेत. वह्या यावेळी सर आणि मॅडम तपासतील, मी नाही. उद्दिष्टांचे शब्द मला इतके पाठ झालेत की मला ते कुठल्याही उत्तरात दिसायला लागलेत.